नेमणुकीच्या पत्रानंतरची मदत

अपंग व्यक्तींना काम मिळवून देणाऱ्या संस्थांच्या वार्षिक अहवालात एक आकडा हमखास ठळक अक्षरांत छापलेला असतो, तो म्हणजे वर्षभरात किती जणांना नोकरी लागली याचा. देणगीदार सर्वांत आधी तोच आकडा विचारतात आणि विश्वस्तांच्या सभेतही त्याचीच चर्चा होते. अशा एका संस्थेच्या कामात मी बरीच वर्षे आहे. हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. नोकरीवर रुजू झालेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतरही तिथेच होते, ज्यांनी नोकरी सोडली त्यांनी ती कोणत्या कारणाने सोडली, आणि त्यांच्यापैकी किती जणांना आम्ही पुन्हा उभे राहण्यास मदत केली, हेही त्याच पानावर छापले गेले पाहिजे. संस्थेच्या कामाचा खरा कस नेमणुकीचे पत्र हाती पडल्यानंतर लागतो, आणि नेमके त्याच वेळी बहुतेक प्रकल्पांचा निधी संपलेला असतो.

नोकरी सुटण्याची कारणे पाहू लागले की कामाचे कौशल्य अपुरे पडले असे फार थोड्या वेळा आढळते. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे छातीच्या खालचे शरीर पूर्णपणे बधिर झालेला एक तरुण हिशेबनीस आमच्या संपर्कात होता. हिशेबाच्या कामात त्याचा हात धरणारे त्या कार्यालयात कोणी नव्हते. परंतु त्याची सकाळ मदतनिसावर अवलंबून होती. पोट साफ होण्याची ठरावीक पद्धत, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची स्वच्छता, अंघोळ, पाठीवर किंवा बैठकीच्या भागावर लालसर डाग उमटला आहे का हे लांब दांड्याच्या आरशात पाहणे, कपडे घालणे आणि पलंगावरून व्हीलचेअरवर येणे, या सगळ्याला चांगला सराव असलेला माणूस हाताशी असतानाही दोन तास लागत. मदतनीस अर्धा तास उशिरा आला की पुढचे सारे अर्ध्या तासाने पुढे ढकलले जाई, आणि हजेरीपटावर मात्र केवळ उशिराचा शेरा उमटे. कार्यालयात रॅम्प होता, उद्वाहन होते, संगणकाचे टेबलही योग्य उंचीचे होते, तरीही तिसऱ्या महिन्यात त्याची नोकरी जाण्याच्या बेतात आली.

त्याची नोकरी टिकली ती संस्थेने केलेल्या दोन-तीन अगदी साध्या गोष्टींमुळे. पहिला मदतनीस आला नाही तर येणारा दुसरा माणूस तयार करण्यात आला. कामाची वेळ एक तासाने पुढे सरकवून घेण्यात आली. शिवाय त्याच्या वरिष्ठांना हेही समजावून सांगावे लागले की दर पंधरा ते तीस मिनिटांनी तो हातांवर जोर देऊन शरीर उचलतो किंवा एका बाजूला झुकतो, ते अस्वस्थपणाचे लक्षण नाही. एका जागी सतत दाब पडून राहिला तर त्वचेला आणि खालच्या मांसाला होणारा रक्तपुरवठा थांबतो, संवेदना नसल्यामुळे दुखणे कळत नाही आणि शय्याव्रण होते. ती जखम भरून यायला कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही लागतात, आणि तेवढा काळ नोकरी थांबते. वरिष्ठांना हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून लांबलचक बैठकांमध्ये मधली सुट्टी ठेवायला सुरुवात केली. यात फारसा खर्च नव्हता. ही सगळी माहिती योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोचवणारे कोणी तरी हवे होते, इतकेच.

संयुक्त राष्ट्रांनी 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारलेल्या आणि मे 2008 मध्ये अमलात आलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात काम आणि रोजगार 27व्या कलमात येतात, तर स्वतंत्रपणे आणि समाजात राहण्याचा हक्क 19व्या कलमात येतो. कायद्याच्या मांडणीसाठी ही विभागणी सोयीची आहे. परंतु संस्थांनीही तीच विभागणी आपल्या कारभारात उतरवली आहे. रोजगाराचा विभाग वेगळा, घरगुती साहाय्याचा विभाग वेगळा, दोघांचे देणगीदार वेगळे, नोंदवह्या वेगळ्या. त्यामुळे नोकरी लावून देणाऱ्या कार्यकर्त्याला सकाळच्या मदतनिसाची अडचण ठाऊक नसते आणि मदतनीस पुरवणाऱ्याला नोकरीची वेळ ठाऊक नसते. ज्याचे आयुष्य आहे त्याला मात्र दोन्ही टोके एकाच दिवसात सांधावी लागतात.

या क्षेत्रातली जुनी रीत अशी होती, आणि अनेक ठिकाणी ती अजूनही आहे, की आधी माणसाला ‘तयार’ करायचे आणि मग त्याच्यासाठी काम शोधायचे. संरक्षित, म्हणजे फक्त अपंग व्यक्तींसाठी चालवलेल्या, कार्यशाळांमध्ये वर्षानुवर्षे पाकिटे चिकटवणे, खोकी जोडणे अशी कामे देऊन नाममात्र मोबदला दिला जाई आणि बाहेरच्या नोकरीची वेळ कधी येतच नसे. अमेरिकेत 1938च्या श्रममानक कायद्याने तर अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची रीतसर मुभा दिली. या कार्यशाळा सुरू करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ज्या काळात कुटुंबापुढे दुसरा पर्यायच नव्हता, त्या काळात त्यांनी अनेकांना घराच्या चार भिंतींबाहेर आणले. पण तिथे शिकलेले काम बाहेरच्या जगात कोणी विचारत नव्हते, आणि बाहेरच्या जगातील माणसे त्या कार्यशाळेत येत नव्हती. वरील करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2022 मध्ये कामाच्या हक्कावर जे भाष्य प्रसिद्ध केले, त्यात अशा वेगळ्या काढलेल्या रोजगाराला या हक्काची पूर्तता मानता येणार नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

‘तयार नाही’ या शेऱ्याला सर्वांत ठोस उत्तर दिले ते अमेरिकेतील मार्क गोल्ड यांनी. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या, कोणतेही उत्पादक काम करू शकणार नाहीत असे गृहीत धरलेल्या व्यक्तींना त्यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी सायकलचा 15 सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. त्यांची पद्धत समजण्यास सोपी आणि अमलात आणण्यास कष्टाची होती. कामाचे इतके बारीक तुकडे करायचे की प्रत्येक तुकड्यात एकच निर्णय उरेल, सुटे भाग जोडणीच्या क्रमाने मांडायचे, शब्द कमीत कमी वापरायचे, आणि चुकले तर दुसऱ्या रीतीने करून पाहण्यास सांगायचे. शिकणारा अडला तर आपली शिकवण्याची रीत बदलायची, ही त्यांची भूमिका होती. या भूमिकेने अपयशाची जबाबदारी शिकणाऱ्यावरून उचलून शिकवणाऱ्यावर ठेवली, आणि माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे योगदान तेच आहे.

या विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे आधी खरी नोकरी आणि मग त्याच जागी प्रशिक्षण. ते देण्यासाठी सोबत जाणाऱ्या माणसाला आता जॉब कोच म्हणतात. आमच्याकडील एक तरुणी एका ग्रंथालयात परत आलेली पुस्तके कपाटात लावण्याचे काम करू लागली. तिला बौद्धिक अक्षमता आहे. पहिल्या आठवड्यात तिच्याबद्दल तक्रार आली की काम फार हळू होते. जॉब कोचने तिला शिकवण्याआधी दोन दिवस नुसते निरीक्षण केले. पुस्तकांच्या कण्यावरचे क्रमांक ती बरोबर वाचत होती आणि कप्पाही बरोबर शोधत होती. मात्र मध्येच एखाद्या वाचकाने काही विचारले की आपण कुठे होतो हे तिला आठवत नसे, आणि ती संपूर्ण गाडा पुन्हा पहिल्या पुस्तकापासून तपासू लागे. मग कोचने तिला पिवळ्या जाड कागदाची एक पट्टी दिली. कोणी हाक मारली की आधी ती पट्टी पुढच्या पुस्तकावर ठेवायची आणि मगच मान वर करायची, एवढा एकच नियम. दोन आठवड्यांत गाडा वेळेत रिकामा होऊ लागला. पुढचे काम अधिक अवघड होते, कारण आता कोचने हळूहळू बाजूला व्हायचे होते. आधी शेजारी, मग दालनाच्या दारात, मग दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. या काळात ग्रंथालयातीलच एका ज्येष्ठ कर्मचारी बाईंनी तिला काही अडल्यास कोणाला विचारायचे हे ठरवून दिले, आणि तो आधार कोचपेक्षा जास्त टिकाऊ ठरला. शेजारी बसणारा सहकारी जे करू शकतो ते बाहेरून येणाऱ्या माणसाने करत राहू नये.

दीर्घकाळचा मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत आधी नोकरी, मग आधार हाच क्रम ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ (प्रत्येकाला साजेशी नोकरी आणि आधार) या नावाने ओळखला जातो. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी तो अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये विकसित केला, आणि नंतर अनेक देशांत त्याच्या काटेकोर चाचण्या झाल्या. आधी दीर्घ प्रशिक्षण देणाऱ्या पद्धतींपेक्षा या रीतीने खुल्या बाजारातील नोकरी मिळणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे जास्त असते, असे त्या चाचण्यांतून वारंवार दिसले आहे. त्याची तत्त्वे वाचताना मला दोन विशेष महत्त्वाची वाटतात. ज्याला काम करायचे आहे त्याला निदानाच्या किंवा लक्षणांच्या आधारे वगळायचे नाही, हे पहिले. आणि साहाय्याला आधीच ठरवलेली मुदत नसावी, हे दुसरे. मानसिक आजार चढउताराने चालतो. आठव्या महिन्यात झोप उडाली आणि त्या वेळी फोन उचलणारे कोणी नसेल, तर पहिल्या सात महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. संस्थांच्या प्रकल्पांना मात्र मुदत असते, आणि तिथेच घोडे अडते.

साधनांच्या बाबतीतही ‘दिले आणि संपले’ अशी वृत्ती मला फार खटकते. अंध कर्मचाऱ्याला संगणक आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, दिला म्हणजे तो कामाला लागला, असे समजले जाते. मायकल करन आणि जेमी तेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरचे काम सुरू केले. त्यापूर्वी अशा सॉफ्टवेअरची किंमतच अनेकांच्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे त्या कामाचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. पण स्क्रीन रीडर पडद्यावर लिहिलेले तेवढेच वाचू शकतो. कार्यालयाच्या अंतर्गत प्रणालीतील बटनांवर नुसती चित्रे असतील आणि त्यांना आतून नाव दिलेले नसेल, तर अंध कर्मचाऱ्याच्या कानावर एकामागून एक ‘बटन, बटन, बटन’ असे पडते. त्यातले मंजुरीचे कोणते आणि रद्द करण्याचे कोणते, हे त्याने ओळखायचे कसे? डोळसांच्या दृष्टीने तो संथ काम करणारा ठरतो. त्या बटनांना नावे देणे हे प्रणाली लिहिणाऱ्याचे थोड्या वेळाचे काम असते. संस्थेच्या कार्यकर्त्याने त्या प्रणाली लिहिणाऱ्याला गाठून शेजारी बसवले आणि डोळे मिटून ते ऐकायला लावले, तर वर्षभराचा पत्रव्यवहार वाचतो. कर्णबधिर कर्मचाऱ्याच्या बाबतीत हेच बैठकीतील दुभाष्याला किंवा लिखित टिपणांना लागू होते, आणि तिथेही ‘तो समजून घेतो की’ या एका वाक्यावर सगळे निभावून नेले जाते.

देणगीचा पैसा कशावर खर्च व्हावा याबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. व्हीलचेअरवाटपाचा कार्यक्रम छायाचित्रात उत्तम दिसतो. परंतु एकाच मापाच्या खुर्च्या सरसकट वाटल्या तर त्यातून पाठीचे बाक, खांद्याच्या वेदना आणि शय्याव्रण पदरी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हीलचेअर देण्यापूर्वी व्यक्तीची तपासणी आणि माप घेणे, खुर्ची तिच्या अंगाला बसती करणे, ती वापरण्याचे शिक्षण देणे आणि नंतरची देखभाल व पाठपुरावा हे सगळे सेवेचेच टप्पे मानले आहेत. या टप्प्यांचा खर्च छायाचित्रात येत नाही. जॉब कोचचा पगार, मदतनिसाचे प्रशिक्षण, पाठपुराव्यासाठीचा प्रवास यांना देणगीदारांच्या अर्जांत ‘प्रशासकीय खर्च’ असे म्हटले जाते आणि त्यावर मर्यादा घातली जाते. आमच्या कामात हाच खर्च म्हणजे प्रत्यक्ष सेवा आहे. ज्यांना मनापासून मदत करायची आहे त्यांनी एका जॉब कोचचा तीन वर्षांचा पगार द्यावा, असे मी जिथे संधी मिळेल तिथे आग्रहाने सांगत असतो.

पैशाचा आणखी एक पेच असा आहे की अनेक व्यवस्थांमध्ये पगार सुरू झाला की अपंगत्वाचा भत्ता बंद होतो, कधी त्यासोबत औषधोपचाराची किंवा मदतनिसाची सवलतही जाते, आणि नोकरी सुटली तर ती सवलत पुन्हा मिळवण्यासाठी अर्जाची सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. अशा परिस्थितीत कोणी नोकरीला नकार दिला तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने हिशेब केलेला असतो. नोकरी स्वीकारण्यापूर्वी हा हिशेब त्या व्यक्तीसमोर कागदावर मांडून दाखवणारा जाणकार माणूस संस्थेत असणे अत्यावश्यक आहे.

आता स्वतंत्रपणे राहण्याविषयी. स्वतंत्र राहणे म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणे, अशी समजूत पुनर्वसनाच्या क्षेत्रातही दीर्घकाळ होती. शर्टाची बटणे स्वतः लावायला एखाद्याला चाळीस मिनिटे लागत असतील आणि त्यानंतर दिवसभराच्या कामासाठी ताकदच उरत नसेल, तर ते बटण दुसऱ्याने लावावे आणि त्या माणसाने आपल्या कामावर जावे, यात स्वातंत्र्य अधिक आहे. कोण लावणार, कधी लावणार, कोणता शर्ट, हे त्याने ठरवावे. हा विचार अपंग व्यक्तींच्या चळवळीतून आला. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झालेले आणि श्वासासाठी लोखंडी फुप्फुसावर, म्हणजे शरीराभोवती बसवून श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रावर, अवलंबून असलेले एड रॉबर्ट्स 1962 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील महाविद्यालयात दाखल झाले. त्यांना शिक्षणासाठी मदत देण्यास राज्याच्या पुनर्वसन विभागाने आधी नकार दिला होता, कारण हा तरुण कधी नोकरी करू शकणार नाही असा तिथल्या अधिकाऱ्याचा निष्कर्ष होता. रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 1972 मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले. तिथे मदतनिसांची यादी, सुगम घरांची माहिती, व्हीलचेअरची दुरुस्ती आणि एका अपंग व्यक्तीने दुसरीला दिलेला सल्ला, हे सगळे एकाच छताखाली होते. आणि 1975 मध्ये त्याच राज्य पुनर्वसन विभागाच्या संचालकपदी रॉबर्ट्स यांची नेमणूक झाली.

इंग्लंडमधील ल कोर्ट या निवासी संस्थेचा इतिहास आमच्यासारख्या धर्मादाय संस्थांनी विशेष काळजीपूर्वक वाचावा असा आहे. लेनर्ड चेशर यांनी 1948 मध्ये एका मरणासन्न माणसाला आपल्या घरी आश्रय दिला आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. तिचा उगम निखळ करुणेत होता. तरीही पुढे तिथल्या रहिवाशांना, रात्री केव्हा झोपायचे आणि बाहेर केव्हा जायचे हे ठरवण्याच्या अधिकारासाठी व्यवस्थापनाशी झगडावे लागले. त्याच रहिवाशांपैकी पॉल हंट यांनी 1972 मध्ये वृत्तपत्राला पत्र लिहून अपंग व्यक्तींनी एकत्र येण्याचे आवाहन केले, आणि दशकाच्या अखेरीस जॉन इव्हान्स आणि त्यांच्या साथीदारांनी संस्थेत आपल्यावर होणारा खर्च आपल्या हाती द्यावा, म्हणजे आम्ही बाहेर घर घेऊन स्वतःच मदतनीस नेमू, अशी मागणी पुढे रेटली व कालांतराने ती मान्य करून घेतली. स्वीडनमध्ये आडोल्फ रात्झका यांनी 1980च्या दशकात अपंग व्यक्तींची सहकारी संस्था उभारली, तिच्यात मदतनीस निवडणे, शिकवणे आणि गरज पडल्यास कामावरून काढणे हे अधिकार सदस्यांकडेच होते. निधी जवळपास तोच, फक्त निर्णयाची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली.

कुटुंबीयांना या गोष्टीची भीती वाटते, आणि त्यांच्या भीतीची टर उडवणे मला कधीच पटलेले नाही. मुलाची वीस-पंचवीस वर्षे एकट्याने काळजी घेतलेल्या आईला तो एकटा राहणार म्हटल्यावर झोप लागत नाही, हे स्वाभाविक आहे. पण पगार आईच्या खात्यात जमा होत असेल आणि सुट्टीचा अर्ज वडील लिहीत असतील, तर तो मुलगा नोकरी करूनही परावलंबीच राहतो. आम्ही अशा वेळी घाई करत नाही. आधी आठवड्याच्या खर्चाचे पैसे त्याच्या हाती, मग स्वतःचे खाते, मग एखादा दिवस-रात्र दुसऱ्या घरी. त्यात पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात, कधी दूध उतू जाते, कधी कोणी तरी फसवतेही. चुका करण्याची मुभा इतर सगळ्या तरुणांना असते, तशी ती यांनाही असली पाहिजे, फक्त सावरायला कोणाला बोलवायचे हे त्यांना ठाऊक असावे.

अमेरिकेतील स्वतंत्र जीवन केंद्रांना सरकारी निधी हवा असेल तर त्यांच्या नियामक मंडळातील बहुसंख्य सदस्य स्वतः अपंग असले पाहिजेत, अशी कायद्याचीच अट आहे. धर्मादाय संस्थांवर अशी सक्ती बहुतेक ठिकाणी नसते, आणि त्यामुळे मंडळावर एखादी अपंग व्यक्ती तोंडी लावण्यापुरती असते. आमच्या संस्थेत जॉब कोच निवडणाऱ्या समितीवर अलीकडे दोन अपंग सहकारी आले. त्यांनी उमेदवारांना पदव्या आणि अनुभवाविषयी फारसे विचारले नाही. तुम्ही मिळवून दिलेली नोकरी मला आवडली नाही आणि मी ती सोडायचे ठरवले, तर तुम्ही काय कराल, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बहुतेक उमेदवारांनी समजूत घालण्याची भाषा केली. एका मुलीने मात्र उलट विचारले की नोकरीतील नेमकी कोणती गोष्ट आवडली नाही, आणि पुढची कुठे शोधायची. तिची निवड झाली.